टेलेक्सवरच्या मुगवड्या

मी मुळात आवाजी बाई. हौशी नाटकांच्या दिवसांत मला माईक लागत नसे. मंडळातले म्हणत, बाईंचा संवाद सुरू झाला की नाट्यगृहाबाहेरचा शेंगदाणेवाला पुडी बांधायची थांबतो. अशा बाईला पोटापाण्याची नोकरी मिळाली ती ग्रंथपालाची. देवाला विनोद कळतो की नाही, यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत माझं ग्रंथालय होतं. संस्थेत माती, चुना, विटा, सिमेंट यांवर प्रयोग चालत. मी दिवसभर श्श करत आणि कुजबुजत काढी, आणि संध्याकाळी घरी पोचले की तुंबलेलं सगळं नवऱ्यावर ओती. नवरा रेल्वेत टी.टी. होता. गाडीवर झोप फार छान लागते, असं तो पाहुण्यांना सांगायचा. टी.टी.ने गाडीत झोपायचं नसतं, याची मी त्याला पाहुण्यांसमोरच आठवण करून द्यायची.

आता ग्रंथालयाचं काम. एखाद्या शास्त्रज्ञाला जुन्या मासिकातला लेख हवा असला आणि तो आमच्याकडे नसला, की दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयाकडून त्याची छायाप्रत मागवावी लागे. त्याचा रीतसर रस्ता म्हणजे पत्र. पत्र जायचं, पोचायचं, कुणाच्या तरी टेबलावर बसायचं, तिथे त्याचा जीव रमायचा, आणि उत्तर येईपर्यंत मागणाऱ्याचा विषय बदललेला असायचा. कधी कधी मागणाराच बदललेला असायचा.

म्हणून मी माझी वेगळी व्यवस्था बसवली होती. देशाच्या चारी टोकांच्या गाड्या नागपूरवरून जातात. त्या गाड्यांत माझा नवरा होता, नवऱ्याचे दोस्त होते, दोस्तांचे साडू होते. त्यांच्या हाती मी एक चिठ्ठी द्यायची आणि चिठ्ठीबरोबर एक पुडा. चिठ्ठीत लेखाचं नाव आणि पुड्यात मुगवड्या. परतीच्या गाडीने लेख हजर.

बाहेरच्यांना वाटतं, नागपूरहून पाठवायची ती संत्री. पाठवून बघा. संत्र्याची करंडी टी.टी.च्या हातात दिली तर ती पुढच्या जंक्शनपर्यंत नुसती करंडी उरते. कुरड्या पाठवल्या तर पोचेपर्यंत त्यांचा रवा होतो. मुगवडीचं तसं नाही. मुगाची डाळ भिजवायची, जाडसर वाटायची, आलं-मिरची-हिंग घालायचं आणि गच्चीवर मे महिन्याच्या उन्हासमोर तिला उभं करायचं. त्या उन्हातून जी जिवंत बाहेर येते ती मुगवडी. ती फुटत नाही, आंबत नाही, सांडली तर गोळा करता येते, आणि मुख्य म्हणजे कच्ची खाता येत नाही, त्यामुळे रेल्वेच्या माणसाजवळ सुरक्षित राहते.

शिवाय तिची ओळख कुठे करून द्यावी लागत नाही. कलकत्त्याच्या ग्रंथालयात एक वयस्क ग्रंथपाल होते, त्यांना आम्ही घरी दादा म्हणत असू. त्यांच्याकडेही डाळीच्या वड्या घालतात. पहिला पुडा पोचल्यावर त्यांनी लेखाबरोबर चिठ्ठी पाठवली, की वडी उत्तम आहे पण आकाराने अडाणी आहे. पुढच्या वेळी मी आकार सुधारला. मद्रासच्या बाई वड्या सांबारात टाकत. दिल्लीवाले बटाट्याच्या रश्श्यात टाकत. हैदराबादवाले काय करत ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण पुडा पोचायला उशीर झाला की विचारपूस करत.

याला लाच म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. लाच आधी ठरते आणि मग जाते. वडी कुणी ठरवत नाही, ती आपली जाते.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला संस्थेला नवे संचालक आले. मुंबईचे, परदेशात राहून आलेले, शिडशिडीत, मोजकं बोलणारे. ते पहिल्यांदा ग्रंथालय बघायला आले तेव्हा माझ्या टेबलापाशी काळ्या कोटातला एक टी.टी. उभा होता आणि तिकिटांच्या पिशवीतून मद्रासचा लेख काढत होता. संचालकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं ते विचारतील, बिनतिकीट कोण आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. आवाज न चढवता म्हणाले, संस्थेचा पत्रव्यवहार रेल्वेच्या डब्यातून चालतो हे मी दिल्लीला कुठल्या तोंडाने सांगू. यापुढे ग्रंथालयाच्या कामासाठी कुणाच्याही हाती पुडा जाणार नाही. संस्थेने टेलेक्स घेतलेला आहे, तो शिका.

टेलेक्स आला. एका टाइपरायटरने खूप खाऊन अंग धरलं आणि त्याला टेलिफोनची तबकडी फुटली, असं त्याचं रूप. इथे बसून मजकूर टाइप करायचा, की शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या यंत्रावर तो त्याच क्षणी उमटतो, आणि तिकडचा माणूस टाइप करू लागला की आपलं यंत्र आपोआप कागद भरू लागतं. सगळं इंग्रजीत, मी इथे मराठीत सांगते आहे. यंत्राचा आवाज असा, की कुणीतरी पत्र्यावर हरभरे ओतून राहिलं आहे. त्या आवाजामुळेच एकही अधिकारी ते आपल्या खोलीत ठेवायला तयार होईना. शेवटी सर्वांनी मिळून एक उदात्त विचार मांडला, की माहितीचं यंत्र माहितीच्या घरीच शोभतं. आणि ते ग्रंथालयात आलं. ‘शांतता राखा’ या पाटीच्या बरोबर खाली.

शिकवायला एक गृहस्थ आले. तारखात्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे एकूण शब्दांबद्दलच त्यांच्या मनात अढी होती. मी मोठ्या उत्साहाने पहिला संदेश लिहिला. मान्यवर महोदय, सादर प्रणाम, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे, इकडे उन्हाळा कडक आहे, आपणांस तसदी देण्याचं कारण की. त्यांनी पेन्सिल काढली. प्रणाम गेला, प्रकृती गेली, उन्हाळा गेला. तसदीही उरली नाही. उरलं ते मासिकाचं नाव, वर्ष, पान आणि ‘पाठवा’. मुंज झालेल्या मुलासारखा तो संदेश माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, असं कुणाकडे काही मागतात का? ते म्हणाले, बाई, यंत्राला लाज नसते.

त्यांनी मला फीत शिकवली. मजकूर आधी यंत्रावर टाइप करायचा, की एका अरुंद कागदी फितीवर भोकं पडत जातात. मग समोरच्याचा नंबर फिरवायचा, तो लागला की फीत सोडून द्यायची. ती मजकूर घेऊन पळत सुटते, वेळ वाचतो. आणि एकच फीत हव्या तितक्या ठिकाणी चालवता येते. हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज सांगितलं. बिचाऱ्यांना काय ठाऊक, ते कुणाला सांगत आहेत.

बाकी मी पटकन शिकले. फक्त एक खोड जाईना. यंत्र आपोआप सुरू झालं की मी उठून उभी राहायची. कुणी दारात आलं तर आपण बसून कसं राहणार?

त्याच सुमारास आमच्याकडे एक तरुण शास्त्रज्ञ होता. जवळच्याच कोराडीचा. तिथल्या वीज केंद्राची राख त्याच्या आईच्या अंगणात पडायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायची, डाळीत पडायची. हा शाळेत असल्यापासून ती झाडत आलेला. शिकून आला आणि म्हणाला, झाडून झाडून कंटाळलो, आता हिच्या विटा करतो. राख आणि चुना मिसळून तो विटा पाडायचा आणि प्रत्येक नवी वीट मला आणून दाखवायचा, लोक बाळ आणून दाखवतात तशी. माझ्या कपाटांतली तिरपी पडणारी पुस्तकं त्या विटांनीच सरळ उभी होती.

त्याची नोकरी कच्ची होती. प्रकल्प चालला तर नोकरी, नाही तर नाही. आणि प्रकल्पाचं भवितव्य दिल्लीहून येणाऱ्या एका समितीच्या हातात होतं. मागच्या खेपेला समितीने विचारलं होतं, अशा विटांची भिंत पाऊसपाण्यात वर्षानुवर्षं टिकते याला पुरावा काय? पुरावा नसेल तर प्रकल्प बंद.

तो माझ्यासमोर येऊन बसला. हळू बोलायची त्याला सवय नव्हती, पण त्या दिवशी आवाज आपोआप खाली आला होता.

“मॅडम, त्यायनं मले पावसाळा एकच दिला, अन् पुरावा मागून राहिले दहा पावसाळ्यांचा. मी पावसाळे कुठून आणू?”

पावसाळे मात्र एका ठिकाणी होते. फार वर्षांपूर्वी एका परदेशी मासिकात असाच एक लेख आला होता. राखेच्या विटांची भिंत कुणीतरी उघड्यावर उभी केली होती आणि दरवर्षी तिची तपासणी करून नोंदी छापल्या होत्या. लेखाचा उल्लेख मला सूचीत सापडला. तो अंक देशात मोजक्याच ठिकाणी होता, आणि कलकत्त्याचं ग्रंथालय त्यांतलं पहिलं. समिती मे महिन्याच्या अखेरीस येणार होती. लेख आला तर पोरगा राहील, नाही आला तर घरी जाईल, इतकी ती गोष्ट सरळ होती.

मी शिकवल्याप्रमाणे संदेश पाठवला. मासिक, वर्ष, पान, पाठवा. कलकत्त्याहून उत्तर आलं: नोंद घेतली.

मी खूश. पोरगा खूश. आम्ही दोघांनी चहा घेतला.

चार दिवसांनी विचारलं. उत्तर: नोंद घेतली. पुन्हा विचारलं. नोंद घेतली. यंत्राचा वेग असा, की नकारसुद्धा इतक्या लवकर मिळाला नसता. पूर्वी पत्राला उत्तर यायला महिना लागे, त्यामुळे निदान महिनाभर आशा तरी असे. आता दिवसातून दोनदा निराशा करून घ्यायची सोय झाली होती. पोरगा रोज यायचा, यंत्राकडे बघायचा आणि काही न विचारता एक वीट सरळ करून जायचा.

घरी मी नवऱ्यापुढे हे सगळं साभिनय सादर केलं. कलकत्त्याचे दादा असे कसे बदलले, म्हणून मी रडवेली झाले होते. नवरा गच्चीवरून वड्यांची परात खाली आणत होता. तो थांबून म्हणाला, “अवं, तू कोरड्या तोंडानं मागून राहिली. असं तर कोणी पानाले चुना नाही देत.”

मी म्हटलं, संचालकांनी पुडा पाठवायला बंदी केली आहे.

“पुडा नेऊ नका म्हणाले. वडीचं नाव घेऊ नका म्हणाले काय?”

या माणसाला रेल्वेने वकील करायला हवं होतं. मी रात्रभर नाही, पण स्वयंपाक होईपर्यंत विचार केला आणि मला ते पटलं. पुडा ग्रंथालयाच्या कामासाठी जाणार नव्हता. काम झाल्यावर आमच्या घरून त्यांच्या घरी काय जाईल, तो दोन कुटुंबांचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी मी यंत्रावर बसले आणि फीत तयार केली. पेन्सिलवाले गृहस्थ तिथे असते तर आजारी पडले असते. मी नमस्कार लिहिला. प्रकृती विचारली. मग पोराची गोष्ट लिहिली. कोराडी, आईचं अंगण, डाळीत पडणारी राख, एकच पावसाळा, समिती, कच्ची नोकरी, सगळं. मुलगा हुशार आहे, वळणाचा आहे, असंही लिहिलं. ते का लिहिलं मला ठाऊक नाही. बोटांना सवय असते. शेवटी लिहिलं, यंदाच्या मुगवड्या छान वाळल्या आहेत आणि आपल्या नावाचा वाटा काढून ठेवला आहे.

फीत एवढी लांब झाली की खुर्चीखाली तिचं वेटोळं पडलं. ती कलकत्त्याला सोडली. संपायला बराच वेळ लागला. तेवढ्यात माझ्या मनात आलं, आपण दादांना वड्यांचं बोलावणं केलं आणि मद्रासच्या बाईंना नाही, हे त्यांना उद्या कळलं तर? आमच्याकडे गल्लीत एकाला बोलावून शेजाऱ्याला वगळत नाहीत. फीत तर हातातच होती. मद्रासला सोडली. मग दिल्लीला. मग हैदराबादला. लेख त्यांच्याकडेही असण्याची शक्यता होती, हे निमित्त म्हणून पुरेसं होतं.

मी पान्हा फुटल्यासारखी मोकळी झाले आणि जेवायला गेले.

दोन दिवसांनी समितीचे सचिव पुढची व्यवस्था बघायला दिल्लीहून आले. पोक्त, गंभीर, हिंदी बोलणारे गृहस्थ. संचालक त्यांना संस्था दाखवत ग्रंथालयात आले. टेलेक्सपाशी थांबून संचालक समजावून सांगू लागले, की आता आमचा संपर्क कसा तत्काळ आणि काटेकोर झाला आहे. ‘काटेकोर’ हा शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडला आणि यंत्राची घंटा वाजली.

मी उभी राहिले. यंत्र हरभरे ओतू लागलं. सचिवांनी चष्मा लावला आणि वाकून वाचू लागले.

मद्रासहून संदेश होता. लेख सापडला आहे. वड्यांत लसूण आहे का ते कळवावे. आमच्या वरिष्ठ बाई लसूण खात नाहीत.

ग्रंथालयात माझ्या कारकिर्दीतली सर्वांत खोल शांतता पसरली. पाटीलाही तिचा अभिमान वाटला असेल.

सचिवांनी विचारलं, ये वडी क्या चीज है? संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. रंगमंचावर समोरचा नट वाक्य विसरला की आपण काय करतो? आपण पुढे येतो. मी पुढे आले. हिंदीत सांगितलं, की साहेब, हा आमच्याकडे तयार होणारा एक नमुना आहे. मिश्रण करून, आकार देऊन, उन्हात पूर्ण वाळवतो. आत ओलावा राहिला तर टिकत नाही. वर्षभर ठेवला तरी त्याला काही होत नाही, हे पाहिलेलं आहे.

सचिवांनी मान डोलावली. मग म्हणाले, और लहसुन?

मिश्रणातला एक ऐच्छिक घटक, मी म्हटलं. दक्षिणेत काही जणांची हरकत असते, म्हणून आम्ही घातलेला नाही.

ते समाधानाने पुढे गेले. संचालकांना तेवढ्यात खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबेना.

सचिव गेल्यावर मला बोलावणं आलं. मी निरोपाचं भाषण तयार करूनच गेले होते. त्यात दोन जागी टाळ्या पडल्या असत्या. पण संचालकांनी बोलूच दिलं नाही. म्हणाले, “तुम्ही एक अक्षरही खोटं बोलला नाहीत, हे माझ्या लक्षात आलंय. तेच जास्त भयंकर आहे.” मग त्यांनी विचारलं, की मद्रासने लेख सापडला म्हटलं, ते खरं ना? मी हो म्हटलं. म्हणाले, मग लसणाचं कळवून टाका. त्या मुलाला लेख वेळेवर मिळाला पाहिजे.

लेख येऊ लागले. बंदी आमच्यावर होती, कलकत्त्यावर नव्हती. दादांनी आमच्याच एका टी.टी.ला गाठून पाकीट दिलं. मद्रासनेही तेच केलं. हैदराबादचं पाकीट एका गार्डाच्या डब्यातून आलं. दिल्लीने मात्र रीतसर टपालाने पाठवलं, आणि नेमका भलत्याच वर्षाचा लेख.

पोराने कलकत्त्याचं पाकीट उघडलं आणि पानं उजेडात धरली. लेख होता, पण मूळ अंकाच्या मधल्या पानांना वाळवी लागलेली. दरवर्षीच्या नोंदींचा तक्ता जिथे असायला हवा तिथे नकाशातल्या बेटांसारखे काही आकडे उरले होते. भिंत कशी बांधली ते सगळं होतं आणि शेवटी काय झालं तेही होतं; फक्त मधले पावसाळे वाळवीने खाल्ले होते.

मद्रासच्या प्रतीत वाळवी नव्हती, पण पुस्तकबांधणी करणाऱ्याने अंक असा कापला होता की प्रत्येक ओळीचा शेवट गेलेला. तक्त्यातले सुरुवातीचे रकाने शाबूत, पुढचे नाहीत. पोरगा दोन्ही प्रती शेजारी ठेवून बघू लागला. मी त्याच्या पाठीमागे उभी. हैदराबादची प्रत संध्याकाळी आली. तिच्यात लेखाची सुरुवातच नव्हती, अंकाचं कव्हर फाटून पहिली पानं, तक्त्याच्या डाव्या पानासकट, गळाली होती. पण तक्त्याची उजवी बाजू होती.

आम्ही ग्रंथालयातलं मोठं टेबल रिकामं केलं. कलकत्त्याचं पहिलं पान, मद्रासची डावी बाजू, हैदराबादची उजवी बाजू, पुन्हा कलकत्त्याचा शेवट. कात्री, खळ आणि आमचे चार हात. गोधडी शिवावी तसा तो लेख शिवून झाला. दर वर्षीचा पाऊस रकान्यात उभा होता. पोराने तक्त्यावरून बोट फिरवलं आणि शेवटच्या आकड्यावर थांबवलं. भिंत टिकली होती.

मी हसायला लागले. म्हटलं, एकाच ठिकाणी मागितला असता तर?

“काहून हसून राहिल्या मॅडम, मले रडू येऊन राहिलं,” तो म्हणाला, आणि मग तोही हसला.

त्या आठवड्यात नवऱ्याने रजा घेऊन गच्चीवर वड्या घातल्या. चार शहरांचे वाटे कबूल झाले होते आणि घरात होत्या त्या एका शहरालाही पुरल्या नसत्या. दिल्लीने चुकीचा लेख पाठवला तरी दिल्लीचा वाटा कापायचा नाही, यावर आमचं एकमत होतं. चुकीचा का होईना, शोधायला कुणीतरी शिडी चढलंच असेल. कलकत्त्याच्या वड्यांचा आकार नवऱ्याने इतका मन लावून दिला, की मला जरा रागच आला; माझ्यासाठी या माणसाने कधी पोळी गोल लाटली नव्हती.

समितीचा दिवस उजाडला. वरच्या मजल्यावर बैठक, खाली मी. पोराने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि जोडलेला लेख दोन्ही हातांत धरून तो जिना चढला. ऊन असं की कूलरची वाळ्याची ताटी शिंपली की वाफ व्हायची. मी कॅटलॉगची कार्डं लावायला बसले आणि सगळी चुकीच्या खणात लावली.

दुपारी घंटा वाजली. कलकत्ता. दादांनी विचारलं होतं, मुलाचं काय झालं?

मी टाइप केलं, अजून आत आहे.

थोड्या वेळाने मद्रास. कळलं का? नाही. मग हैदराबाद. त्यांनी काही विचारलंच नाही, फक्त आपला नंबर आणि पुढे प्रश्नचिन्ह पाठवलं. दिल्लीने चुकीच्या लेखाबद्दल माफी मागितली आणि निकाल विचारला. मी दरवेळी उभी राहत होते, बसत होते. वाचकांनी वाचन सोडून दिलं होतं. एक निवृत्त इंजिनिअर रोज वर्तमानपत्र वाचायला यायचे. यंत्राच्या आवाजाबद्दल तक्रार करणारे पहिले तेच होते. आता ते खुर्ची ओढून यंत्रापाशीच बसले आणि प्रत्येक घंटेला म्हणू लागले, कोणाचं आहे, कोणाचं आहे.

जिन्यावर पावलं वाजली. आधी संचालक आले, त्यांच्या मागे पोरगा. पोराचा चेहरा काहीच सांगत नव्हता; कुणीतरी पुसून ठेवावा तसा कोरा.

संचालक म्हणाले, प्रकल्प चालू राहील. समितीने तक्ता दोनदा वाचला. सचिवांनी विशेष शिफारस केली; त्यांचं म्हणणं, या संस्थेत नमुने टिकवण्याकडे फार बारीक लक्ष दिलं जातं, हे त्यांनी स्वतः पाहिलं आहे.

तेवढ्यात यंत्र पुन्हा सुरू झालं. दादाच होते. अजून आतच आहे का?

मी फीत करायला हात पुढे केला, तर संचालक म्हणाले, “फीत नको. ते थांबलेत तिकडे.” आणि पोराला म्हणाले, “तूच सांग.”

पोराने हे यंत्र कधी हाताळलं नव्हतं. तो खुर्चीवर बसला आणि एका बोटाने अक्षरं शोधू लागला. एकेक अक्षर दाबायला त्याला इतका वेळ लागत होता की त्या वेळेत पेन्सिलवाल्या गृहस्थांनी महाभारत पाठवलं असतं. संचालक खिडकीबाहेर बघत होते. निवृत्त इंजिनिअर ‘आर’ कुठे आहे ते दाखवत होते. त्याने शेवटी एवढंच लिहिलं: मी राहतो आहे. भिंत बांधणार.

मग कलकत्त्याहून भराभर अक्षरं आली. भिंत कुठे, किती उंच, कधी सुरू, आणि पहिला पाऊस पडला की तिची खबर कळवावी, आम्हाला आकडे लागतील.

पोराने ते वाचलं, उठला, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, कोराडीची बस आहे, आईला सांगून येतो. आणि यंत्र चालू, माणूस तिकडे थांबलेला, हा पळाला. निरोप न घेता. त्या वयात कुणाला सुचतं?

मग त्याच्या वतीने दादांचा निरोप मी घेतला. दोघांनाही एकदम ‘बरं आहे’ म्हणून उठायची सवय नसल्यामुळे त्याला जरा वेळ लागला. संचालक मध्येच निघून गेले. जाताना दार त्यांनी हळूच लावून घेतलं.